ब्रेक दाबला की उजवीकडे, सोडला की डावीकडे : २००३ ची मारुती ८००, होज बदलू का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. वडिलांची २००३ ची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलंय, इंजिन ठणठणीत आहे, मोडीत घालायची अजिबात इच्छा नाही. फिरणं शहरातच, फार तर तुळजापूर नाहीतर अक्कलकोट.

महिनाभर एक विचित्र प्रकार चाललाय. ब्रेक दाबला की स्टिअरिंग क्षणभर उजवीकडे जातं. पाय काढला की गाडी जराशी डावीकडे ओढते, मग आपोआप सरळ. परवा तुळजापूरचा घाट उतरून खाली थांबलो तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, वर जळका वास. उजवं चाक कोमट. रात्रभर उभी राहिली की सकाळी मात्र मोकळी धावते.

पॅड बदलून झाले, फरक शून्य. एक मेकॅनिक म्हणतो कॅलिपर (चाकावर पॅड दाबणारा भाग) नवा टाका, दुसरा म्हणतो अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा. चाकांकडे ब्रेक ऑइल नेणारे रबरी पाइप, म्हणजे होज, बाहेरून काळेभोर, नव्यासारखे चमकतात. गळती नाही, ब्रेक ऑइलची पातळीही जिथल्या तिथे. कॅलिपरचा खर्च करायच्या आधी विचारावं म्हटलं.

पोरगं_विजापूररोड

अलाइनमेंटच हाय बे. आधी टायरमधली हवा बघ, दोन्हीकडे सारखी आहे का.

फिटरकाका

हवा बघाच, त्याला काय लागतंय. पण अलाइनमेंटनं चाक तापत नाही ओ. अलाइनमेंट बिघडली तर गाडी ब्रेक न लावताही एकाच अंगाला जात राहते. तुमची दाबताना एकीकडे आणि सोडताना दुसरीकडे जाते. निम्मं निदान तुम्हीच लिहून ठेवलंय.

डावा होज आतून फुगलाय असा माझा अंदाज. पाय दाबता तेव्हा उजव्या चाकाला दाब लगेच पोचतो, डाव्याला उशिरा, म्हणून गाडी उजवीकडे. पाय काढल्यावर उजवं चाक सुटतं, डाव्याचं ऑइल मात्र अडकून बसतं. जाताना पायाचा जोर असतो, त्या जोरावर ते फटीतून घुसतं. परत येताना मागं रेटणारं कोणी नाही. म्हणून डावा ब्रेक धरून राहतो, चाक तापतं. रात्रभरात हळूहळू दाब उतरतो, सकाळी गाडी मोकळी.

आता खात्री करून घ्या, नुसत्या माझ्या शब्दावर खर्च करू नका. सपाट जागा, मागच्या चाकांना विटा, डावं चाक जॅकवर आणि खाली आधाराची घोडी. दोनचारदा ब्रेक दाबून सोडा, चाक हातानं फिरवा. जाम असेल तर कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर दाब अडकला होता. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर मग कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना, तिथं तुमचा मेकॅनिक बरोबर.

अजून एक पायरी आहे, ती होज बदलायची तयारी असेल तरच करा, कारण नंतर ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढावी लागते. चाक पुन्हा जाम करायचं आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपाचा नट सैल करायचा. तिथं चाक सुटलं तर दोष वर, पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. तिथं सुटत नाही आणि निपलवर सुटतं, तर होजच.

आणि ते चमकणं. वॉशिंग सेंटरवर खालून ऑइल किंवा डिझेलचा फवारा मारून घेता का? गंज लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास मारतात. ब्रेकच्या होजचं रबर ब्रेक ऑइलला टिकतं, पण डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल लागलं की फुगून मऊ पडतं. वरून झकास दिसतं. त्यात आपला मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत गाडी उन्हात उभी.

जुळेसोलापूरकर

काका, फवारा दर सर्व्हिसिंगला मारतो! पैसे देऊन! तपासताना अजून काय बघू? आणि होजच असेल तर घरी बदलता येईल का? जॅक, घोड्या, पाने आहेत. धाकटा भाऊ पेडल दाबायला आहे.

फिटरकाका

स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून बघा, होज कुठं टायरला किंवा पत्र्याला घासतोय का. मग बॅटरीच्या उजेडात होज बोटांनी वाकवा. सरळ असताना भेगा मिटलेल्या असतात, वाकवलं की तोंड उघडतात. आतल्या कापडाची वीण दिसली तर पुढं बघायचंच नाही, फेकायचा. ही ओळख सोलापूरकराला शिकवायला नको. दोन्ही टोकांना जिथं धातूची टोपी दाबलेली असते तिथं ओल आहे का बघा. भावाला जोरात पेडल दाबायला लावा, होजवर कुठं फुगा येतोय का. मागच्या ऍक्सलजवळचे होज लोक विसरतात, तेही बघा.

बदलता येईल, पण एक अट. साध्या दुतोंडी पान्यानं पाइपाचा नट सोडवू नका. नट मऊ असतो, कोपरे गोल झाले की मग व्हाइस ग्रिप, आणि मग लोखंडी पाइपच नवीन. फ्लेअर नटचा पाना आणा, किंवा आम्ही करायचो तसं जुन्या रिंग पान्याला पाइप जाईल एवढा काप मारून घ्या. आदल्या रात्री नटावर गंज सोडवायचं ऑइल मारा. नट फिरताना पाइपही पिळतोय असं दिसलं तर थांबा, थोडं मागं थोडं पुढं करत सोडवा.

होजची लॉक पत्ती जागेवर असतानाच नट सैल करायचा, पत्ती नंतर काढायची. त्याआधी पेडल थोडं दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये एक काठी अडकवा. मास्टर सिलिंडरमधलं भोक बंद होतं, टाकीतलं ऑइल बदाबदा गळत नाही. बसवताना पीळ पडू देऊ नका, होजवर लांबीत रेघ असते ती सरळ राहिली पाहिजे. होजच्या टोकाला बँजो बोल्ट (मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच घाला. पाइपाचा नट आधी बोटांनी दोनतीन आटे चढला पाहिजे, पान्यानं सुरुवात करायची नाही.

दोन्ही पुढचे एकदम बदला. उजव्यानंही तोच फवारा खाल्लाय. आणि ऑइल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं.

हवा काढताना भावाला सांगा, पेडल फळीपर्यंत रपकन मारू नको. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये सील जिथं कधी जात नाही तिथं गंज-घाण असते, तिथं सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

झेनवाली_अकलूज

मध्येच विचारते, काका. ते स्टीलच्या जाळीचे होज मिळतात, ते टाकले तर कायमची कटकट मिटेल का?

फिटरकाका

नाही ताई. पेडल जरा कडक लागतं एवढंच. जाळीमुळे आतलं काही दिसत नाही, आणि टोकं कोणी कशी दाबलीत ते आपल्याला कळत नाही. रोजच्या गाडीला कंपनीचा रबरी होज बेस. त्यावर छापलेली तारीख बघून घ्या, दुकानात वर्षानुवर्षं पडलेला नको.

जुळेसोलापूरकर

काका, होजच निघाला. वरचा नट सैल केला तर चाक ढिम्म, खालचा निपल सोडला तर चिळकांडी आणि चाक गरगर. जुना होज ब्लेडनं चिरला, आतलं रबर सुजून भोक सुईएवढं राहिलेलं. दोन्ही पुढचे बदलले. ब्रेक सरळ लागतो, चाकं दोन्हीकडे सारखीच तापतात. हवा काढताना निघालेलं ऑइल चहासारखं काळपट होतं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, दुकानदारानं डॉट ४ दिलं. चालेल?

फिटरकाका

चालतं, दोन्ही एकाच जातीची. डॉट ४ जरा जास्त तापमानाला उकळतं, घाटात बरंच. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. एवढं काळं निघालंय तर चारी चाकांतून नवं, स्वच्छ येईपर्यंत काढा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलायचं. उरलेला उघडा डबा जपून ठेवू नका. आणि आता इंजिन चालू ठेवून भावाला पेडल जोरात धरून ठेवायला सांगा, तुम्ही खाली कागद घेऊन प्रत्येक जोड पुसून बघा. दोन दिवस चालवल्यावर परत एकदा.

पोरगं_विजापूररोड

अलाइनमेंट पण करून टाक की बे.