पाच असिस्टंट कोच म्हणजे उधळपट्टी? अजिबात नाही

टोबॅकोरोडकर
परवा हिशेबनीस यांची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पाच-पाच असिस्टंट कोच म्हणजे नुसतं शोभेचं बेंच, आता खेळाडूंना कॉलेजने थेट पैसे द्यायची मुभा मिळालीय तर तोच पैसा घालून पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दोन चांगले गार्ड, म्हणजे बॉल हाताळणारे खेळाडू, आणा, बाकीचं हेड कोच बघून घेईल. उत्तर लांबणार म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, सगळं नेमकं उलट आहे. पोर्टलमुळे दरवर्षी निम्मी टीम नवी असते. मागच्या वर्षी कुठला डिफेन्स का फसला हे माहीत असलेला एकही पोरगा उरला नाही तर ते कोणाच्या डोक्यात राहणार? स्टाफच्याच ना? एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, जुलै २०२३ पासून तीनाचे पाच असिस्टंट केले पण बाहेर जाऊन रिक्रूटिंग, म्हणजे नवे खेळाडू मिळवायची परवानगी तिघांनाच ठेवली, म्हणजे उरलेले दोघं जिममध्येच असतात, शिकवायला. हे दोघं सगळ्यात मोलाचे असं माझं ठाम मत आहे.

मार्चमध्ये, एनसीएएच्या हरला तो बाहेर अशा टूर्नामेंटमध्ये, काय होतं बघा. शुक्रवारी मॅच, जिंकलात तर रविवारी पुढची. शुक्रवारची तयारी चालू असतानाच रविवारी समोर येऊ शकतील अशा दोन्ही टीमची फिल्म दोन असिस्टंट कापत बसलेले असतात. कोण इनबाउंडवर (बाहेरून बॉल आत टाकताना) काय खेळतं, कोणाला कुठल्या हाताचं ड्रिबल सोडवत नाही, कोचने दोन बोटं वर केली की कुठला प्ले येतो. शुक्रवारी रात्री त्यातली एक टीम हरते आणि एका माणसाची अख्ख्या आठवड्याची मेहनत तिथेच संपते. हे काम पैसे देऊन आणलेला गार्ड करणार आहे का?

आणि स्टाफ टिकला पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनाचे हेड कोच डीन स्मिथ यांच्याकडे बिल गथ्रिज तीस वर्षं असिस्टंट होते, १९९७ ला टीम हातात आली तर तीन सीझनमध्ये दोनदा फायनल फोर, म्हणजे टूर्नामेंटच्या शेवटच्या चार टीममध्ये. स्पोकेनच्या गोन्झागा कॉलेजला टॉमी लॉइड वीस वर्षं असिस्टंट होता, साबोनिस, हाचिमुरा असली बाहेरच्या देशातली पोरं त्यानेच स्पोकेनला आणली. असली माणसं पोर्टलमध्ये मिळत नाहीत.

हिशेबनीस
माझ्या पोस्टवरून धागा निघाला, बरं वाटलं. पण गथ्रिजच्या काळात पोरं चार-चार वर्षं राहायची हो, तो जमाना गेला. आता २०२५-२६ ला एका कॉलेजने सगळ्या खेळांत मिळून खेळाडूंना द्यायची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर आहे, त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल खातो. छोट्या कॉलेजांना ती मर्यादा गाठणंसुद्धा जमत नाही, आणि त्यांनी पाच असिस्टंट पोसायचे?

तुमच्याच टोबॅको रोडचं, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं उदाहरण देतो. मार्च २०२५ मध्ये ड्यूक कॉलेजचा डिफेन्स सांभाळणारा असिस्टंट जाय ल्यूकस मायामीचा हेड कोच व्हायला निघून गेला, ऐन मोसमात. काय बिघडलं? फायनल फोरला गेले. कारण स्टार खेळाडू कूपर फ्लॅग होता! आणि जवळचा माणूस, टिकलेला माणूस म्हणून व्हिलानोव्हाने हेड कोच जे राइटच्या जागी त्यांचाच जुना असिस्टंट काइल नेपच्यून घेतला, तीन वर्षांत एकदाही एनसीएए टूर्नामेंट नाही.

ह्यूस्टनची_मृणाल
फायनल फोरला "गेले" म्हणून थांबलात, पुढचं सांगा की. दुसऱ्या हाफमध्ये ड्यूक १४ ने पुढे होतं आणि आमच्या ह्यूस्टनने ७०-६७ ने मॅच काढली. शेवटच्या मिनिटांत ड्यूकला बॉल आत टाकायलासुद्धा जड जात होतं. फ्लॅग तेव्हाही कोर्टवर होताच ना? आमच्या बेंचवरची माणसं वर्षानुवर्षं एकत्र आहेत म्हणून दबावात सगळे एकच भाषा बोलतात. असिस्टंट केलन सॅम्पसन तर २०१४ पासून आहे.

ब्लूमिंग्टनकर
केलन सॅम्पसन. म्हणजे ह्यूस्टनचा हेड कोच केल्व्हिन सॅम्पसनचा मुलगा. बापाच्या हाताखाली मुलगा असिस्टंट, बापानंतर गादी मुलालाच हे आधीच ठरलेलं, मुलगीसुद्धा त्याच प्रोग्राममध्ये. याला भक्कम स्टाफ म्हणायचं? आपल्याकडच्या घराणेशाहीवर रोज शिव्या देणारे लोक इथे टाळ्या वाजवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि थोरला सॅम्पसन इंडियानाचा हेड कोच असताना काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. रिक्रूट्सना नियमाबाहेर फोन केले, २००८ च्या फेब्रुवारीत जावं लागलं, प्रोग्राम कित्येक वर्षं झोपला. त्याच्या आधी कोण गेलं माहितीये? असिस्टंट रॉब सेंडरॉफ. पहिला बळी कायम असिस्टंटचाच. २०१७ च्या सप्टेंबरात एफबीआयने ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि यूएससी या कॉलेजांचे चार असिस्टंट लाचेच्या आरोपावरून उचलले, एकाही हेड कोचला बेड्या पडल्या नाहीत.

ह्यूस्टनची_मृणाल
प्रत्येक धाग्यात तुम्ही २००८ घेऊन येता. पाच वर्षांची शिक्षा भोगली त्यांनी, त्या काळात एनबीएत असिस्टंट म्हणून राबले, मग आमच्याकडे आले. केलनला बाप म्हणून नोकरी मिळाली असेल, पण तो कसा शिकवतो ते बघायला या एकदा. घरचा माणूस चुकलं तर तोंडावर सांगतो, बाहेरचा नोकरीला घाबरतो.

ब्लूमिंग्टनकर
घरचा माणूस तोंडावर सांगतो?? कुठल्या घरात राहता तुम्ही? आमच्या ऑफिसात मालकाचा मुलगा आल्यापासून एक माणूस तोंड उघडत नाही मीटिंगमध्ये. मुलगाही नाही.

हिशेबनीस
घराणेशाही काढलीच आहे तर एड मॅनिंगचंही बोला. १९८३ ला हेड कोच लॅरी ब्राऊनने कॅन्ससला त्यांना असिस्टंट केलं तेव्हा ते ट्रक चालवत होते. कारण उघड होतं, पोरगा डॅनी देशातला अव्वल खेळाडू. पोरगा बारावीसाठी लॉरेन्सला, कॅन्सस कॉलेजच्याच गावात आला, पुढे कॅन्ससला. १९८८ ला फायनलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध ३१ पॉइंट, १८ रिबाउंड, चॅम्पियन. म्हणजे असिस्टंटची जागा ही शेवटी खेळाडू आणायचीच किंमत होती. माझा मुद्दा तोच आहे, आता ती किंमत सरळ खेळाडूला द्या, मधे नोकरीचं नाटक कशाला.

टोबॅकोरोडकर
अर्धंच सांगताय. एड मॅनिंग स्वतः एनबीए आणि एबीए (तेव्हाची दुसरी व्यावसायिक लीग) खेळलेले होते, ब्राऊननी त्यांना कोचिंगही केलं होतं, रस्त्यावरून कोणीही ट्रकवाला उचलला नव्हता. पण हो, मायकेल पोर्टर सीनियरचं प्रकरण मलाही पटलेलं नाही. आधी वॉशिंग्टनला असिस्टंट, तिथला कोच गेला तर मिझुरीला, पोरगा मागोमाग, आणि पाठीच्या दुखण्यामुळे तो सगळे मिळून तीन मॅच खेळला. ती एक खुर्ची खेळाडूसाठीच दिली होती हे मान्य. त्यावरून उरलेल्या चार खुर्च्या फुकट कशा ठरतात ते सांगा.

माजी_मॅनेजर
मी इथे अमेरिकेत मास्टर्स करताना एका मिड-मेजर, म्हणजे मधल्या फळीतल्या टीमचा स्टुडंट मॅनेजर होतो, नाव सांगत नाही. तुम्ही सगळे टीव्हीवर दिसणाऱ्या बेंचबद्दल भांडताय. आमच्याकडे तिन्ही असिस्टंट हेड कोचचे जुने मित्र होते, तिघंही रिक्रूटर, तिघांनाही गार्डच शिकवता यायचे. आमचा सेंटर सहा फूट अकरा इंच, मनापासून मेहनती, त्याला पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, पाय कसे टाकायचे हे सांगणारं कोणी नव्हतं. प्रॅक्टिसनंतर तो मला बॉल टाकायला सांगायचा आणि मी फक्त बॉल टाकायचो, मला काय येत होतं? पुढच्या वर्षी तो दुसरीकडे गेला आणि तिथल्या असिस्टंटने त्याचं फुटवर्क असं बदललं की ओळखू येईना. आमच्या कोचने पैसे वाढवून दिले असते तरी तो थांबला नसता, त्याने मला स्वतः सांगितलं.

त्यामुळे किती असिस्टंट यापेक्षा हेड कोचला जे येत नाही ते येणारा माणूस बाजूला आहे का, हा प्रश्न आहे. आणि अशा माणसाला पगार काय देता? १९९२ ला एनसीएएने एका असिस्टंटचा पगार वर्षाला १६ हजार डॉलरवर बांधून टाकला होता, कोच कोर्टात गेले आणि शेवटी १९९९ ला ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली. ही खुर्ची स्वस्तात भरायची खोड जुनीच आहे.

हस्की_आई
इतके प्रतिसाद झाले आणि बायकांच्या बास्केटबॉलचा एका शब्दाने उल्लेख नाही. भक्कम स्टाफ बघायचा तर आमच्या यूकॉनकडे, कनेक्टिकटकडे बघा ना! असिस्टंट क्रिस डेली १९८५ पासून हेड कोच जीनो ऑरिएमाबरोबर आहेत, २०२५ पर्यंत बारा टायटल. साउथ कॅरोलायनाच्या हेड कोच डॉन स्टेलीच्या बाजूला लिसा बॉयर २००२ पासून, दोघी टेम्पल कॉलेजला होत्या तेव्हापासून. त्याआधी बॉयर क्लीव्हलंडला एनबीएत असिस्टंट होत्या, हे काम करणारी पहिली बाई. यातलं कोणी कोणाचं नातेवाईक नाही आणि पैसेवाला गार्ड आणायला म्हणूनही कोणी घेतलेलं नाही. माझी मुलगी यूकॉनच्या समर कॅम्पला जायची, घरी आली की जीनोंचं नाव नाही, आधी डेलींनी काय सांगितलं ते. शर्ट आत खोचा, मैत्रीण पडली की धावत जाऊन उठवा. आता तुम्ही ठरवा ही उधळपट्टी आहे का.

हिशेबनीस
शर्ट खोचून मॅच जिंकता येत नाहीत. पण डेलींचं उदाहरण मी खोडू शकत नाही, आणि माजी_मॅनेजर यांच्या सेंटरचंही. ठीक आहे, तीन मान्य, एक पोस्टवाला धरून चार. पाचवा मात्र मी मान्य करणार नाही, छोट्या कॉलेजात तर नाहीच.

टोबॅकोरोडकर
चारावर आलात हेही कमी नाही. छोट्या कॉलेजातच तर पाचवा हवा. तिथे स्टार परवडत नाही, असलेली पोरंच घडवावी लागतात आणि पोरगं घडलं की मोठं कॉलेज उचलून नेतं, मग परत पहिल्यापासून. हे काम जो दरवर्षी करतो त्याला नीट पगार द्या आणि पाच वर्षांचा करार द्या.

ब्लूमिंग्टनकर
करार द्या, पण आडनाव बघून देऊ नका. सॅम्पसनबद्दलचं माझं मत तेच आहे.

ह्यूस्टनची_मृणाल
ते कोणी विचारलं नव्हतं. केलन हेड कोच झाल्यावर बोलू, हा धागा मी जपून ठेवतेय.