पहिल्या महायुद्धातली जर्मन पोर्ट्रेट कार्डं: भाव नावाला द्यावा की पुराव्याला?

भिंगधारी:
बर्लिनच्या डब्ल्यू. झांके या प्रकाशकाने काढलेली वैमानिकांची क्रमांकित फोटो-पोस्टकार्डं (रिष्टहोफेन, बोल्के, इमेलमान वगैरे) चढ्या भावाने जातात. त्याच पेटीतलं एखाद्या पायदळी शिपायाचं स्टुडिओतलं कार्ड पाच-दहा युरोत सुटतं. माझ्या मते हा भाव उलटा लागलाय. झांकेचं कार्ड दुकानात विकण्यासाठीच निघालं, भरपूर निघालं, आणि त्या काळीही लोकांनी ते अल्बमात जपलं. शिपायाच्या फोटोच्या मात्र अर्धा डझन, फार तर डझनभर प्रती निघायच्या, त्याही घरी पाठवायला.

मागे नाव, तारीख आणि तुकडीचा शिक्का असेल तर माणूस शोधता येतो. जर्मन हताहतांच्या छापील याद्या आता नावावरून ऑनलाइन फुकट धुंडाळता येतात. माणूस बव्हेरियन (म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या वेगळ्या सैन्यातला) असेल तर आणखी बरं. प्रशियन सैन्याची बहुतेक वैयक्तिक कागदपत्रं एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमच्या दफ्तरखान्याबरोबर जळाली, पण म्युनिकमधली बव्हेरियन नोंदणीपुस्तकं वाचली. असं नाव लागलेल्या कार्डाला मी निनावी कार्डाच्या तिप्पट भाव देईन.

जुनं टपाल:
साफ अमान्य. भाव ठरायला तुलना लागते. झांकेच्या कार्डावर क्रमांक असतो, त्यामुळे तेच कार्ड आधी कितीला गेलं ते तपासता येतं. शिपायाचं कार्ड एकुलतं एक, म्हणजे विकणारा म्हणेल ती किंमत.

शिवाय झांकेच्या कार्डाचा काळ मजकुरावरूनच ठरवता येतो. बोल्के आणि इमेलमान यांना ‘पूर ल मेरीत’ हे पदक १२ जानेवारी १९१६ ला मिळालं, त्यामुळे गळ्यात तो निळा क्रूस दिसतो ते कार्ड त्याआधीचं असूच शकत नाही. रिष्टहोफेनला ते बरोबर एक वर्षाने मिळालं. त्याच्या नावामागे ‘लॉयटनांट’ (लेफ्टनंट) असेल तर मजकूर मार्च १९१७ मधल्या बढतीआधीचा, ‘रिटमायस्टर’ (घोडदळाचा कॅप्टन) असेल तर एप्रिल १९१७ मधल्या बढतीनंतरचा. शिपायाच्या कार्डावर इतकं नेमकं काय मिळतं? पाठीवर कुणीतरी कालपरवा पेन्सिलीने ‘वर्दं, १९१६’ (फ्रान्समधली गाजलेली रणभूमी) खरडलेलं, आणि तेवढ्यावर किंमत दुप्पट!

निळी शाई:
टपालराव, क्रमांक आहे म्हणूनच नकलाही त्याच कार्डांच्या निघतात. घेण्याआधी एवढं तरी बघा.

दहापट भिंग लावा. अस्सल कार्ड म्हणजे ब्रोमाइड कागदावरचा खरा फोटो. राखाडी छटा सलग दिसली पाहिजे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापकाम आहे, मग खाली काहीही लिहिलेलं असो. आता तळाच्या अक्षरांवर या. मूळ कार्डात अक्षरांच्या कडा धारदार असतात. कार्डावरून पुन्हा फोटो काढून केलेल्या प्रतीत त्या फुगतात, कॉलरच्या शिवणीचा तपशील काळ्यात बुडतो, आणि जुन्या कार्डावरची घडी नव्यात चित्र म्हणून उतरते. घडी डोळ्याला दिसते, पण बोटाला लागत नाही. एवढी एक खूण सापडली तरी कार्ड परत करा.

मग अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. फोटोचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं १९५० च्या दशकात रुळली. पाठ निळसर पांढरी उजळली तर कार्ड १९१७ चं नव्हे. प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढूनच तपासा, कारण पाकीटच उजळू शकतं. मात्र उजळलं नाही म्हणजे अस्सल, असं उलटं गणित मांडू नका. अशी रसायनं नसलेला कागद नंतरही मिळत होता.

सहीबद्दलही सांगते. काही कार्डांवर सही निगेटिव्हमधूनच आलेली असते. कार्ड तिरपं धरा. छापील सहीची चमक चित्रासारखीच असते. खऱ्या शाईची रेघ जिलेटिनवर (फोटोच्या वरच्या थरावर) वेगळी बसलेली दिसते, कुठे मंद, कुठे काठाला साचलेली. रिष्टहोफेनच्या खऱ्या सहीला हजारो युरो पडतात, तिथे नुसत्या स्कॅनवर विश्वास ठेवून पैसे पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

खांदापट्टी:
टपालरावांच्या ‘नेमकं काय मिळतं’ला उत्तर देतो. पुष्कळ मिळतं, फक्त वाचता आलं पाहिजे. खांद्यावरचा आकडा म्हणजे रेजिमेंट. हेल्मेटच्या कापडी आवरणावर आकड्याआधी ‘आर’ असेल तर राखीव दल, ‘एल’ असेल तर लांडवेर (वयाने मोठ्या राखीव शिपायांचं दल). १९१६ नंतरच्या बव्हेरियन गणवेशात कॉलरच्या कडेने निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी येते.

नवखे फसतात ते रंगात. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा लाल रंगाला जवळपास आंधळ्या आणि निळ्याला भलत्याच हळव्या. त्यामुळे खांद्यावरचा लाल आकडा फोटोत काळा येतो, आणि फिकट निळा पांढरट. अशी पांढरट पट्टी बघून विक्रेते ‘दुर्मिळ पांढरी फेसिंग’ (गणवेशावरची तुकडीच्या ओळखीची रंगीत पट्टी) म्हणून जाहिरात करतात आणि लोक पैसे मोजतात.

पण भिंगधारी, तुमचा तिप्पट भाव मलाही पटत नाही. स्टुडिओत पडदा, कठडा, कधी बंदूकसुद्धा फोटोग्राफरची असायची, तेव्हा हातातल्या शस्त्रावरून तुकडी ठरवू नका. आणि कार्ड पाठवणारा फोटोतलाच माणूस असेल असंही नाही, मित्राचा फोटो घरी पाठवणारे कितीतरी होते. मागचा शिक्का, खांद्यावरचा आकडा आणि मजकुरातलं नाव, तिन्ही एकमेकांशी जुळली तरच जास्त भाव. दोनच जुळली तर दीडपट पुरे. हस्ताक्षर कुरेंट या जुन्या जर्मन वळणाच्या लिपीतलं असतं. प्रशियाच्या शाळांत झ्युटरलिन ही तिची सोपी केलेली लिपी १९१५ मध्ये आली, त्यामुळे त्या शिपायांनी ती गिरवलेलीच नव्हती. वाचून घ्यायचं तर जुनं कुरेंट वाचणारा माणूस गाठा.

एमडन:
भारतातल्या संग्राहकांसाठी तिसराही एक चेहरा आहे: कॅप्टन कार्ल फॉन म्युलर. त्याच्या ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासचे तेलसाठे पेटवले, आणि ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने तिला संपवलं. इकडे या कार्डाला भावना म्हणून जास्त पैसे पडतात. ते देण्यात गैर काही नाही, फक्त जर्मनीतल्या लिलावात तेच कार्ड कितीला जातं ते आधी बघा.

स्थितीबद्दल इथे कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. कार्ड साधारण ९ बाय १४ सेंटीमीटर हवं. अल्बमात बसवायला कापलेलं कार्ड दोन-तीन मिलीमीटरने कमी भरतं, आणि माझ्या लेखी त्याची निम्मी किंमत जाते. काळ्या भागात कडेने आलेली चंदेरी झाक मात्र दोष मानू नका. चांदीच वर आलेली असते ती, पुसायला जाल तर जिलेटिन ओरबाडाल. पाणी लावायचं नाही, जिलेटिन फुगतं. पीव्हीसीचं पाकीट नको, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बंद डब्यात सिलिका जेल ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा, नाहीतर चेहऱ्यावरच बुरशीचे ठिपके उठतात.

जुनं टपाल:
खांदापट्टींचा तिन्ही जुळण्याचा नियम मला मान्य. पण तिन्ही जुळलेली कार्डं पेटीत शंभरात किती निघणार? बाकीच्यांचा भाव गंमतीचाच राहणार. माझे पैसे झांके आणि बर्लिनचाच दुसरा प्रकाशक लिअर्श यांच्यावरच.

भिंगधारी:
शंभरात दोन निघाली तरी मी ती पेटी उपसेन. मात्र मागणी दोघांनीही सारखीच करावी: दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआय स्कॅन, शेजारी मोजपट्टी ठेवलेली, आणि एका बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला एक फोटो. तिरप्या उजेडात घडी, चंदेरी झाक आणि सहीची शाई एकदमच उघडी पडतात. तेवढं द्यायला जो विक्रेता खळखळ करतो, त्याच्याकडे झांकेही घेऊ नका आणि शिपाईही.