मदत हवी आहे: दिवाळीच्या चार दिवसांत एमवायबाहेर जेवण

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडून पेशंट येतात आणि सोबतची माणसं बाहेर ओट्यावरच मुक्काम करतात. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री डबा द्यायला गेले होते. आसपासच्या टपऱ्या बंद. एका आजींच्या हातात कुणीतरी दिलेला मिठाईचा पुडा होता, पण त्या विचारत होत्या, "बाई, पोळी आहे का?" ते डोक्यातून जात नाही.

यंदा धनत्रयोदशी ते पाडवा रोज रात्री ६० जणांना पोळी-भाजी द्यायची आहे. माणशी चार, म्हणजे २४० पोळ्या, साधारण आठ किलो कणीक. एकटीला शक्य नाही. दहा घरांनी रोज पंचवीस-पंचवीस पोळ्या दिल्या तर जमेल. कोण देईल? शिळं नको, फराळही थोडाच. भाजी मी करीन.

दुसरं, गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानातही अंगठा देऊन धान्य मिळतं. राजवाड्याच्या आसपास असं दुकान कुणाला माहीत आहे का? लांबच्या उपचारासाठी खोली घेऊन राहिलेल्यांना सांगता येईल.