नृत्याच्या परीक्षा नेमक्या कोणासाठी?

मांजराकाठ (लातूर)

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझी भाची आमच्याकडे आली होती. ती बॅले शिकते आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सची चौथी ग्रेड नुकतीच उत्तीर्ण झाली आहे. माझी मुलगी लातूरमध्येच कथक शिकते आणि तिच्या पाच परीक्षा झाल्या आहेत. दोघींनी आपापले निकाल शेजारी ठेवले, तेव्हा भाचीच्या कागदावर तंत्र, संगीत आणि सादरीकरण यांचे गुण वेगवेगळे दिसले; माझ्या मुलीच्या कागदावर प्रात्यक्षिकाचा एकच आकडा होता. मग मुलीने तत्कार, म्हणजे तालाचे बोल पायांनी वाजवणे, करून दाखवला आणि मामेबहीण डोळे मिटून ऐकत म्हणाली, "तुझा डावा पाय कमी वाजतो." पाच परीक्षकांपैकी एकानेही आम्हाला हे सांगितले नव्हते.

माझे मत असे झाले आहे की, जी परीक्षा कुठे कमी पडले ते सांगत नाही, ती दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी काढलेल्या प्रमाणपत्रापलीकडे काही देत नाही. आपल्या गावाने अभ्यासाचा एक पॅटर्नच महाराष्ट्राला दिला, आणि तो आता नृत्यवर्गातही शिरला आहे. ठरलेले तोडे, म्हणजे बोलांवर बांधलेल्या छोट्या रचना, वर्षभर घोटायचे आणि परीक्षा झाली की विसरायचे! मग या परीक्षा बंद का करू नयेत?

समेवर (परभणी)

ताई, तुमची तक्रार खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मी स्वतः कथक शिकवते, म्हणून शिक्षकाच्या बाजूने लिहिते. ज्या संस्थेचा दाखला आपण दिला, तिचा जन्मच मुळी शिक्षकांवर अविश्वास असल्यामुळे झाला. त्या काळी ब्रिटनमध्ये कोणीही पाटी लावून बॅले शिकवत असे. म्हणून नृत्यविषयक मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांच्या पुढाकाराने 1920 मध्ये पाच कलावंत एकत्र आले: डेन्मार्कच्या ॲडलीन जेने, रशियाच्या तमारा कारसाविना, इटालियन पद्धतीच्या लुचिया कॉर्मानी, फ्रेंच पद्धतीचे एदुआर एस्पिनोसा आणि इंग्लंडच्या फिलिस बेडेल्स. पाच वळणांच्या पाच माणसांनी एक अभ्यासक्रम मान्य केला, हीच मला मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे दोन घराण्यांचे गुरू एका सतरंजीवर बसवून पाहा.

परीक्षक परका असतो, यातच त्याचे मोल आहे. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवायचा तो कमरेच्या सांध्यातून. मुले मात्र गुडघ्यातून आणि घोट्यातून पाऊल ओढून वळण दाखवतात, आणि पुढे गुडघे दुखतात. रोज पाहणाऱ्या शिक्षिकेच्या डोळ्याला ते सवयीचे होऊन जाते, पण बाहेरून आलेल्या जाणकाराला पहिल्याच प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, ते दिसते. शिवाय त्या वेळी शिक्षिका दाराबाहेर असते, त्यामुळे डोळ्यांनी खुणा करण्याची सोय नाही. आपल्याकडेही परीक्षकाने मनात आणले तर घोकंपट्टी तिथल्या तिथे उघडी पडते. नाचलेलाच तोडा हातावर ताल धरून दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगा. ज्या मुलीने तो फक्त पायांनी पाठ केला आहे, ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते.

गोदावरीचा घाट (नांदेड)

"परीक्षकाने मनात आणले तर" या चार शब्दांतच सगळे आले. माझ्या बहिणीच्या परीक्षेला, केंद्राचे नाव लिहीत नाही, परीक्षकांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. शेवटच्या सात मुलींना एका ओळीत उभे करून तीनतालाचा तत्कार करून घेतला, आणि सातही जणींना दोन-तीन गुणांच्या फरकाने एकाच मापाने मोजले. दारात कलिंगडाची गाडी लावणारा माणूससुद्धा प्रत्येक फळ वाजवून देतो.

बॅलेच्या बाबतीतही प्रमाणपत्राला फार मान द्यायचे कारण नाही. नृत्यसंस्थेत नर्तक निवडला जातो तो ऑडिशनमधून; तिथे त्याला नाचताना पाहतात. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा बॅले अकादमीत परीक्षा होतातच, पण विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे घडवणारी संस्थाच त्या घेते. आणि घराण्याचा प्रश्न सुटतो कुठे? जयपूर घराण्याची मुलगी पायांच्या तयारीवर आणि लयकारीवर भर देते, लखनौचे परीक्षक नजाकत आणि भाव शोधतात. बारा मिनिटांत कोणाचे माप कोणाला लावायचे?

एक निवृत्त परीक्षक (छत्रपती संभाजीनगर)

गाडी गाठण्याचा दोष मान्य आहे. मीही एकदा दिवसात चाळीस विद्यार्थी तपासले आहेत, आणि तिसाव्यानंतर माझे कान बधिर झाले होते, हे कबूल करतो. रॉयल अकॅडमी परीक्षकांना प्रशिक्षण देते आणि त्यांचे गुणदान एकमेकांशी जुळते का, हे तपासते. मला मात्र पहिल्या दिवशी गुणतक्ता आणि चहा मिळाला.

परंतु नांदेडकर, आपण उदगीर, किनवट, सोनपेठ यांचा विचार करावा. अशा गावी नृत्याचा वर्ग एखादाच असतो, मैफल क्वचितच, आणि वर्ष उलटते तरी विद्यार्थिनीला आपल्या बाईंखेरीज दुसरा जाणकार दिसत नाही. परीक्षक हा तिच्यासमोर बसणारा पहिला परका कलावंत असतो. तिथे गुरूच परीक्षा घेणार म्हटले, तर गुरूची चूक तीन पिढ्या चालते. घराण्याबद्दल म्हणाल, तर लय कोणत्याही घराण्यात सुटली तरी सुटलेलीच असते. मी विद्यार्थिनीला आधी नुसते उभे राहायला सांगत असे, कारण वजन कोणत्या पायावर पडते ते तिथेच कळते. निकालाच्या कागदावर शेरा लिहायला जागा नसे, म्हणून जाताना तोंडी सांगत असे. काही वर्गचालकांना ते आवडले नाही.

मांजराकाठ (लातूर)

सर, वजनाचे आपण लिहिले आणि मी त्याच संध्याकाळी मुलीला नुसते उभे केले. ती खरोखरच उजव्या पायावर उभी राहते. परीक्षा बंद कराव्यात, हे माझे म्हणणे मी मागे घेते. मात्र शेऱ्याविना गुण देऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे आणि पुढच्या वेळी परीक्षकांकडे शुल्काची पावती पुढे करून दोन मिनिटे मागणार आहे. तूर्त मुलगी आठ दिवसांपासून उजव्या पायातले घुंगरू सोडून केवळ डाव्या पायाने रियाज करते आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काल विचारले, "एक पाय दुखावला का हो तिचा?"