ग्राहक फक्त मोबाइलवर आहे, म्हणून आधी ॲपच काढायचं का?

आडवाट

ऑनलाइन धंदा काढायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत ठरतं, "आधी ॲप करून घेऊ." नव्या बाजारातल्या बहुतेक लोकांनी संगणक घेतलाच नाही, थेट फोन घेतला. मग ॲपच हवं, असा तो हिशेब. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ग्राहक फक्त फोनवर असेल, तर ॲप सगळ्यात शेवटी करा.

छोट्या विक्रेत्यांची ऑनलाइन विक्री उभी करून देणं हे माझं काम. एका नव्या ॲपची चाचणी चालू होती. समोर बसलेल्या बाई ते डाउनलोड करत होत्या आणि मध्येच "स्टोरेज शिल्लक नाही" असा मेसेज आला. त्यांनी गॅलरी उघडली, मुलाचे दोन फोटो पुसले, तिसऱ्यावर थांबल्या. मग फोन पर्समध्ये टाकून म्हणाल्या, "राहू द्या, नंतर बघते." स्वस्त फोनमध्ये जागा कमी असते हे आम्हाला आकड्यांत पाठ होतं. पण आपलं ॲप कोणाच्या तरी मुलाच्या फोटोच्या जागेवर बसायला निघालंय, हे त्या दिवशी कळलं.

ओळखदेख नसताना आपण जागा मागतो, डेटा मागतो, परवानग्या मागतो, आणि एवढं दिल्यावर दुकान उघडतो. उलट केनियात २००७ साली फोनवरून पैसे पाठवायचं एम-पेसा आलं ते सिमकार्डाच्या मेनूवर. ना स्मार्टफोन लागला, ना इंटरनेट. इंडोनेशियातलं, मोटरसायकल-टॅक्सी बोलावून देणारं गोजेक २०१० मध्ये कॉल सेंटरवर सुरू झालं, ॲप आलं २०१५ मध्ये. भारतात मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं आणि जून २०१६ मध्ये वेबसाइट परत आणली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, फ्लिपकार्टने ब्राउझरमध्येच ॲपसारखी चालणारी हलकी साइट काढली.

म्हणून लिंक दाबली की उघडणारं हलकं पान करा, बोलायला मेसेजिंग ठेवा. तोच माणूस तिसऱ्यांदा खरेदीला आला की मगच ॲप सुचवा.

लंबक

साफ असहमत. मेसेजिंगवर धंदा उभा करणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटणं. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. ज्यांचे सगळे ग्राहक तिथेच जमलेले होते, त्यांच्या हातात साधी यादीही उरली नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने फीडचे नियम बदलले आणि धंद्यांच्या पानांची पोहोच घसरली. व्हॉट्सॲपने जुलै २०२५ पासून धंद्यांसाठीची आकारणी संभाषणावरून एकेका मेसेजवर आणली. दर वेळी निर्णय दुसऱ्याचा, भुर्दंड आपल्याला.

तुमची उदाहरणंही मला वेगळी दिसतात. मिंत्राची चूक ॲप काढण्यात नव्हती, दुसरं दार बंद करण्यात होती. आणि गोजेकची झपाट्याने वाढ झाली ती ॲप आल्यावरच. पहिली पाच वर्षं आदर्श म्हणून का दाखवायची?

आडवाट

मिंत्राबद्दलचं मान्य, मी ते घाईत मांडलं. गोजेकबद्दल मात्र नाही. कोण बोलावतो, कुठून कुठे जातो, चालक कधी नाही म्हणतो, हे त्यांनी फोनवर ऐकून ऐकून शिकून घेतलं होतं, म्हणून ॲपमध्ये काय घालायचं ते ठाऊक होतं.

ग्राहकाची यादी स्वतःकडे हवी, यात वादच नाही. पण यादी ठेवायला ॲप कशाला? नंबर आणि खरेदीची नोंद आपल्याच सर्व्हरवर ठेवा, मेसेज कुठूनही पाठवा. नोटिफिकेशनच्या भरवशावर असाल तर अँड्रॉइड १३ पासून त्यालाही ग्राहकाची परवानगी लागते. तिथे "नको" दाबलं की तुमचं ॲप मुकं.

उंबरठा

तुम्ही दोघं दारावर भांडताय, माणसं आत येऊन अडकतायत त्याचं काय? आपण सगळे "एक फोन म्हणजे एक माणूस" असं धरून चालतो. कितीतरी घरांत फोन दोघा-तिघांत एकच असतो, किंवा सिम एकाच्या नावावर आणि वापर दुसऱ्याचा.

आमच्याकडे एका मुलीने कार्ट भरली. ओटीपी गेला भावाच्या नंबरवर आणि भाऊ कामावर. तिने फोन करून आकडे विचारले, तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही गेला. तिसऱ्यांदा खातंच काही तासांसाठी बंद. नोंदीत हे "ग्राहकाने खरेदी अर्धवट सोडली" असं दिसत होतं. तिने सोडली नव्हती, आम्ही तिला बाहेर काढलं होतं. मदतीच्या नंबरवर तिचा फोन आला नसता, तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

त्यानंतर आम्ही लॉगिन शेवटच्या पायरीवर नेलं. नंबर न देता सगळा माल बघता येतो, कार्ट भरता येते, आणि ती कार्ट लिंक म्हणून घरातल्या दुसऱ्याला पाठवता येते. पैसे देणारा वेगळा, निवडणारा वेगळा, हे धरूनच रचना केली. ॲप असो वा पान, आधी हे करा.

पैशांचंही तेच. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, कारण कार्ड थोड्यांकडे होतं आणि भरवसा त्याहून थोड्यांना. २०१६ मध्ये यूपीआय आलं तरी पहिल्या खरेदीला रोख देणारे आहेतच. त्यांना मागासलेले समजू नका, ते तुम्हाला तपासून बघतायत.

नोंदवही

एक भेद राहतोय. रोज उघडायची गोष्ट असेल, प्रवास किंवा पैसे पाठवणं, तर ॲपला जागा मिळते. वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीला लोक का ठेवतील? शिवाय चालक, विक्रेता, पोहोचवणारा यांना पहिल्या दिवसापासून ॲप द्या. त्यांची रोजी त्यावर आहे, ते फोनमध्ये जागा करतात. ग्राहकाला लिंक पुरते.

लंबक

उंबरठा, कार्ट लिंक म्हणून पाठवण्याचं मला सुचलं नव्हतं, आमच्याकडे लगेच करून बघतो. नोंदवहींचा भेदही पटला.

"सगळ्यात शेवटी" याला मात्र माझा विरोध कायम आहे. आम्ही वर्षभर फक्त वेबसाइट चालवली आणि मग ॲप करायला घेतलं, तेव्हा दर आणि साठा पानांच्या आतच गुंफलेले निघाले. सगळं उसवून पुन्हा बांधायला जवळजवळ तेवढाच वेळ गेला. ग्राहकाला ॲप उशिरा दाखवा, हवं तर तिसऱ्या खरेदीनंतर. पण ते येणार आहे हे धरून सर्व्हरची बाजू, म्हणजे दर-साठा सांभाळणारा भाग, पानांपासून पहिल्याच दिवशी वेगळी बांधा.