पहिलं सिझर झालं म्हणून दुसरंही सिझरच? मला पटत नाही

देवासची लेक, सुदामानगर
माझं पहिलं सिझर अडीच वर्षांपूर्वी झालं. बाळ पायाळू होतं, शेवटपर्यंत फिरलंच नाही. आता ३४वा आठवडा चालू आहे. या वेळी डोकं खाली आहे, बीपी-शुगर ठीक आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या, कळा आपणहून आल्या तर नॉर्मलचा प्रयत्न करू. दुसऱ्या एका दवाखान्यात मत घ्यायला गेले, तर जुने कागद न उघडताच 'एकदा सिझर, की पुढे सिझरच' असं सांगून तारीख कधीची हवी ते विचारलं. सासूबाई तेव्हापासून पंचांग बघताहेत.

'एकदा सिझर, की पुढे सिझरच' हे वाक्य न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचं, १९१६ सालचं. तेव्हा गर्भपिशवीवर उभा छेद घ्यायचे आणि तो कळांमध्ये उसवायची भीती फार असायची. आता खालच्या भागात आडवा छेद घेतात. असा एकच छेद असलेल्या, प्रयत्न करणाऱ्या साधारण चारांपैकी तिघींचं बाळंतपण नॉर्मल होतं. पहिल्या सिझरचं कारण या खेपेला उरलेलंच नाही, मग मी पोट पुन्हा का कापून घ्यायचं? घरात अडीच वर्षांचं पोर आहे, त्याला दीड-दोन महिने उचलू नको म्हणून कसं सांगू? मी इंदुरात असते; आई म्हणते, देवासला माहेरी ये, घरासमोरच नर्सिंग होम आहे. तुम्हाला काय वाटतं?

विजयनगरची आई
चारांतल्या तिघींचं सांगितलंस, आता चौथीचं ऐक. ती मी आहे. माझंही पहिलं सिझर, दुसऱ्या वेळी हट्टानं नॉर्मलला बसले. चौदा तास कळा दिल्या. मग बाळाचे ठोके उतरायला लागले आणि धावपळीत सिझर झालं. टाक्यांत पू झाला, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. बाळ सुखरूप आहे, पण ते चौदा तास मी विसरलेले नाही. ठरवून केलेलं सिझर आणि कळा देऊन थकल्यावर केलेलं सिझर यांत खूप फरक असतो, आणि त्रासाच्या बाबतीत दुसरं जास्त वाईट. माझ्या जावेनं ३९व्या आठवड्यात तारीख घेतली, पाचव्या दिवशी घरी चालत आली. तारीख घेणारीला भित्री समजू नकोस.

लोकमान्यनगरचा बाबा
ताई, आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात, सरकारीत १४.३ टक्के. बायकांची शरीरं दवाखाना बघून बदलतात का? हा सरळ पैशाचा मामला आहे. तुम्ही मागे हटू नका.

लेबर रूम, २२ वर्षं
भाऊ, आकडे खरे आहेत, पैशाचंही काही ठिकाणी खरं आहे. पण सगळं त्यात बसवू नका. ज्या नर्सिंग होमला एकच डॉक्टर आहे, भूलतज्ज्ञ फोनवर येतो आणि रात्री एक सिस्टर असते, तिथे जुन्या सिझरवाल्या बाईला कळा देऊ देणं धोक्याचं आहे. तिथला डॉक्टर 'नाही' म्हणतो तेव्हा तो आपल्या दवाखान्यातली सोय नीट ओळखून बोलत असतो.

देवासची लेक, मी तुझ्या बाजूची आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. आडव्या छेदाचा जुना टाका कळांमध्ये उसवण्याचा धोका साधारण २००त १. आपणहून कळा आल्या तर त्याहून थोडा कमी, कळा आणायची औषधं दिली की वाढतो. उसवला की पहिली खूण बहुतेकदा बाळाच्या ठोक्यांत दिसते, बाईच्या पोटदुखीत नव्हे. म्हणून ठोक्यांचं मशीन सतत लावलेलं हवं आणि ते वाचणारं माणूस शेजारी हवं. मग हातात मिनिटं असतात. तेवढ्यात भूल, थिएटर, रक्त, बाळाचे डॉक्टर सगळं एका छताखाली पाहिजे. देवासहून रात्री अ‍ॅम्ब्युलन्स निघून इंदूरला पोचेपर्यंत काय होईल, याचा विचार कर. आईचा मान राख, पण बाळंतपणाला इंदुरातच रहा. आईलाच इकडे बोलाव.

आणि पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतलाही आडवाच, असं धरू नकोस. कातडीवर आडवा आणि पिशवीवर उभा, असं मी पाहिलंय, विशेषतः फार लवकरच्या किंवा अडकलेल्या बाळांच्या वेळी. हे ऑपरेशनच्या कागदावरच कळतं. डिस्चार्ज कार्डावर नसेल तर जुन्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद मागून घे.

विजयनगरची आई
सिस्टर, २००त १ तुम्हाला लहान वाटतो. आमच्या टाउनशिपमध्ये ३४० घरं आहेत, मी त्या हिशोबानं बघते. आणि मग एवढी सगळी तयारी लागणार असेल, तर सरळ तारीख का घेऊ नये?

राजेंद्रनगरच्या काकू
कारण तारखेलाही किंमत असते गं, ती पुढच्या खेपेला कळते. माझ्या धाकट्या बहिणीची दोन सिझर झाली होती, तिसऱ्या वेळी वार (प्लॅसेंटा) खाली, जुन्या टाक्यावरच बसलेली आणि चिकटलेली. सोडवता आली नाही. रक्ताच्या दहा बाटल्या लागल्या, पिशवी काढावी लागली. ती वाचली. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, वार खाली असेल तर ती चिकटण्याचा धोका एका सिझरनंतर साधारण ११ टक्के, दोनांनंतर ४० टक्के. प्रत्येक सिझरगणिक वाढत जातो. एकच मूल आणखी हवं असेल तर विजयनगरची आई म्हणते त्यात तथ्य आहे. तिसऱ्याचा विचार असेल तर हिशोब वेगळा होतो. हा प्रश्न नवऱ्याबायकोनं आधी बोलायला हवा, आणि आपल्याकडे तो कोणी विचारतच नाही.

मुहूर्ताबद्दल सासूबाईंना सांग, ३९ आठवड्यांआधीचा मुहूर्त काढू नका. लवकर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो.

देवासची लेक, सुदामानगर
चार दिवसांनी लिहितेय. जुन्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद मिळाली, दोन फेऱ्या माराव्या लागल्या. खालच्या भागात, आडवा छेद. मॅडमना दाखवली. रात्री भूलतज्ज्ञ हजर असतात का, हे मी तोंडावर विचारलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, त्यांच्या नर्सिंग होममध्ये नसतात, म्हणून माझी केस त्या मोठ्या हॉस्पिटलमध्येच घेतील. हे मी विचारलं नसतं तर कळलंच नसतं, खरंच.

देवासचं रद्द केलं. आई पुढच्या रविवारी इकडे येतेय. ४० आठवडे भरून कळा आल्या नाहीत तर गोळ्या देऊन कळा आणायच्या नाहीत, सिझर करायचं, हेही लिहून घेतलं. मूळ मत मात्र बदललेलं नाही. कागद न बघता 'सिझरच' म्हणणं चुकीचंच आहे.

लोकमान्यनगरचे बाबा, इंदूरच्या सरकारी एमटीएच हॉस्पिटलातही चौकशी केली, तो पर्याय हाताशी ठेवलाय.

विजयनगरची आई
कागद काढलेस हे फार चांगलं केलंस. मी अजूनही तारीखच घेतली असती. पण एक कर, तुझ्या नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, की डॉक्टरांनी मध्येच सिझर म्हटलं तर त्यानं दहा जणांना फोन करत बसायचं नाही, लगेच सही करायची. आमच्याकडे त्यात चाळीस मिनिटं गेली होती.

देवासची लेक, सुदामानगर
आज रात्रीच बोलते त्याच्याशी.