मदत हवी आहे: लेसर स्पेकलमध्ये बारीक रक्तवाहिन्या दिसतच नाहीत

नमस्कार मंडळी,

उंदराच्या मिशा हलवल्या की मेंदूच्या त्या भागात रक्तप्रवाह किती वाढतो, हे लेसर स्पेकल इमेजिंगने बघतेय (लेसरच्या उजेडात पृष्ठभागावर दाणेदार ठिपके, म्हणजे स्पेकल, दिसतात; रक्त जितकं जोरात वाहतं तितके ते पुसट होतात). कवटी घासून पातळ केलीय. ७८५ नॅनोमीटरचा डायोड लेसर, ५ मिलिसेकंद एक्स्पोजर, मॅग्निफिकेशन १, कॉन्ट्रास्ट (ठिपक्यांमधला उजळ-काळा फरक, ० ते १ मध्ये) काढायला ७ × ७ पिक्सेलची खिडकी.

जाड वाहिन्या ठसठशीत काळ्या येतात. बारीक फांद्या मात्र मागच्या करड्या रंगात विरतात, आणि मिशा हलवल्यावरचा बदल तर शोधूनही सापडत नाही. आधी वाटलं, श्वासामुळे डोकं हलत असेल. ते आणखी पक्कं बसवलं, फरक शून्य. गाइड म्हणाले, "जास्त फ्रेम्स घे." घेतल्या. तोच करडा गोळा, फक्त हार्डडिस्क भरली.

शेवटी वैतागून उंदराच्या जागी पांढरा कागद ठेवला. कागदात काहीच वाहत नाही, म्हणजे कॉन्ट्रास्ट भरपूर यायला हवा. आला ०.३४! म्हणजे उंदीर बिचारा निर्दोष. लेसर जुना आहे, बदलू का?

प्रतिसाद १: थांबा, लेसरवर खर्च नको. लेन्सचा एफ-नंबर (आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अॅपर्चर, जास्त उघडं) आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार सांगा.

धागाकर्ती: एफ २.८, पिक्सेल ५.८६ मायक्रॉन. आधी ५.६ होता, पण चित्र अंधारं यायचं म्हणून अॅपर्चर उघडलं.

प्रतिसाद १: तिथेच घोळ झालाय. स्पेकलच्या एका ठिपक्याचा आकार = २.४४ × तरंगलांबी × (१ + मॅग्निफिकेशन) × एफ-नंबर. तुमचा ठिपका १०.७ मायक्रॉनचा, म्हणजे दोन पिक्सेलसुद्धा नाही. एकाच पिक्सेलमध्ये उजळ आणि काळं मिसळतं नि कॉन्ट्रास्ट धुऊन जातो. ५.६ वर तोच ठिपका साडेतीन पिक्सेलच्या पुढे जाईल. उजेड पाव होईल, तो लेसरची ताकद वाढवून भरून काढा. एक्स्पोजरला हात लावू नका, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलनाच करता येणार नाही. पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारा फिल्टर) लावलाय का? नसेल तर कागदावरही ०.७ च्या वर जाणार नाही.

धागाकर्ती: पोलरायझर नाहीये, मागवते. ५.६ वर कागद ०.५८! आणि उंदरात जाड वाहिनीला फुटलेली केसासारखी फांदी पहिल्यांदाच दिसली, लॅबमध्ये सगळ्यांना बोलावून दाखवली. आता एक शंका: पातळ केली तरी कवटी स्वतः काही उजेड विखुरतेच, आणि ती तर हलत नाही. त्यामुळे प्रवाहातली वाढ खऱ्यापेक्षा कमी दिसणार ना? तो भाग तुम्ही हिशोबातून कसा काढता?